"वयच आहे ते!" म्हणण्याआधी

सातवी-आठवीतलं मूल चिडचिडं झालं की आपण पटकन म्हणतो, "वयच आहे ते!" पण दोन आठवडे तसंच चाललं, खेळ सुटला, झोप-भूक बिघडली, "मी काही कामाचा नाही" असं ते बोलू लागलं, तर थांबून बघा. या वयात नैराश्य रडण्याऐवजी चिडण्यातूनही दिसतं.

डॉक्टर, समुपदेशक यासाठी 'पीएचक्यू-९' प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवी. लक्षात घ्या, ही फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. फळ्यावरचं दिसत नाही हे आपल्याला कळतं, चष्म्याचा नंबर मात्र डॉक्टरच काढतात ना? तसंच हे.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे 'हो' आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी मदत घ्या, मुलाला एकटं सोडू नका. विचारल्याने असे विचार डोक्यात भरत नाहीत. उलट मूल मोकळं व्हायला वाट मिळते.

वर्गात चारचौघांत विचारू नका. बाजूला घ्या, शांतपणे ऐका, उपदेश नंतर. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. आजच शाळेच्या फलकावर लिहा.