हरभऱ्याची मर आणि ट्रायकोडर्मा

प्रश्न : बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळूनही हरभऱ्यात मर रोग का येतो?

उत्तर : मर रोगास कारणीभूत असलेली फ्युजेरियम ही बुरशी पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते आणि मुळांतून शिरून झाडाच्या जलवाहिन्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नलिका, बंद पाडते. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावते, आणि रोगकारक बुरशीची पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे, म्हणजे जैविक क्रिया घडवणारी प्रथिने, स्रवून तिच्यावर उपजीविका करते; मात्र हे सर्व मुळाबाहेर घडत असल्याने सुकू लागलेले झाड तिच्यामुळे वाचत नाही. शिवाय ती सजीव असल्याने उन्हात ठेवलेली किंवा मुदत संपलेली भुकटी बहुधा निरुपयोगी ठरते, आणि कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक तिलाही मारते. किलोभर बियाण्यास ५ ग्रॅम हे प्रमाण रूढ असले, तरी रोगट शेतात ते पुरेसे नसते. तेथे चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा पेरणीपूर्वी जमिनीत मिसळणे अधिक श्रेयस्कर, कारण सेंद्रिय पदार्थ व ओलावा नसलेल्या मातीत ती फारशी वाढत नाही. ‘विजय’ किंवा ‘दिग्विजय’ यांसारख्या मर-प्रतिकारक वाणाची जोड मात्र टाळू नये.