स्वस्त हत्यारें घ्यावीं कीं न घ्यावीं?

शेतकऱ्याच्या घरीं हत्यारांची एक पेटी असावी, याविषयीं आतां कोणास शंका नाहीं. पंप, पेरणीयंत्र, ट्रॅक्टर यांची लहानसहान दुरुस्ती ज्यास घरीं करतां येते, त्याचा ऐन हंगामांतील खोळंबा टळतो. परंतु हत्यारें कोणतीं घ्यावीं, हा प्रश्न उरतोच. आठवड्याच्या बाजारांत ४० नगांचा चकचकीत संच ज्या किंमतीस मिळतो, त्याच किंमतीस चांगल्या दुकानांत दोनतीनच पाने हातीं येतात. अशा वेळीं काय करावें, याचा येथें विचार करूं.

प्रथम आमचाच अनुभव सांगतों. असाच एक संच आम्हीं हौसेनें घेतला होता. पुढें उन्हाळी भुईमुगास पाणी चालू असतां पंप गळूं लागला. बोल्टला पाना लावून जोर करतांच पान्याचा जबडा फांकला, बोल्टचे कोने झिजून गोल झाले, आणि मग शेजाऱ्याचा चांगला पानाही त्यावर बसेना. अखेर छिन्नीनें बोल्ट तोडावा लागला. त्या दिवसाची विजेची पाळी गेली, नवा बोल्ट आणून पंप चालू होईपर्यंत दुसरीही गेली. नेमक्या आऱ्या जमिनींत शिरण्याच्या वेळीं पिकास ताण बसला. पान्यांत वांचविलेले पैसे अशा रीतीनें शेंगांत गेले.

असें कां होतें, तें समजून घेतलें पाहिजे. साध्या लोखंडी मालांत कार्बनाचें प्रमाण शेंकडा ०.२५ पेक्षां कमी असतें. त्यास कितीही पाणी दिलें तरी तें धारेपुरतें कठीण होत नाहीं. लाकूडकामाच्या पटाशीस शेंकडा पाऊण ते एक भाग कार्बन असलेलें पोलाद लागतें. मुलामा मात्र दोहोंवर सारखाच चढतो. म्हणून नुसत्या डोळ्यांस फरक कळत नाहीं.

तथापि स्वस्त तेवढें सर्व टाकाऊ, असेंही आमचें म्हणणें नाहीं. हत्यारांचे तीन वर्ग करावे.

पहिला वर्ग, ज्यांच्या मोडण्यानें शरीरास इजा होईल अशांचा. हातोडा, छिन्नी आणि वीजेच्या ग्राइंडरची चकती यांत कधींही काटकसर करूं नये. बिडाच्या हातोड्याचा टवका उडून डोळ्यांत जाऊं शकतो. लहान ग्राइंडर मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेतो. चकतीवर छापलेला वेग यंत्राच्या वेगाहून कमी असल्यास ती फुटण्याचा धोका असतो. चकतीवरील झांकण काढून व चष्म्यावांचून हें काम करूं नये.

दुसरा वर्ग, ज्यांच्यावर कामाची सारी भिस्त असते अशांचा. पाने, शेगडा, पटाशी, कानस व सामत्याचीं पातीं हीं थोडीं परंतु चांगलीं घ्यावीं. ४० नगांऐवजीं १०, १३, १७ व १९ या मापांचे चार पाने घेतले तरी नित्याचें बरेंच काम निभतें.

तिसरा वर्ग, क्वचित् लागणाऱ्या किंवा ज्यांच्यावर जोर पडत नाहीं अशा वस्तूंचा. नरसाळें, तेलकुपी, तारेचा ब्रश, मोजण्याची पट्टी हीं स्वस्त घेण्यास हरकत नाहीं. लोखंड कापण्याच्या करवतीची चौकट साधी चालेल, पातें मात्र चांगलें असावें. दांडे व मोगरी तर विकत घेऊंच नयेत. घरच्या वाळलेल्या बाभळीचीं तीं उत्तम होतात.

एखादें हत्यार आपणांस कितपत लागेल हें ठाऊक नसेल, आणि तें पहिल्या वर्गांतील नसेल, तर प्रथम स्वस्त घेऊन पाहावें. पेटींत पडून राहिलें तर नुकसान थोडें. वापरून झिजलें तर त्याची गरज सिद्ध झाली, मग चांगलें घ्यावें.

खरेदी करतांना पुढील परीक्षा कराव्या. घरून ८ मिलिमीटरचा नवा बोल्ट न्यावा. त्याच्या डोक्यावर १३ चा पाना बसवून हलवावा. फार खुळखुळला तर घेऊं नये. शेगड्याचे जबडे मिटवून उजेडाकडे धरावे. मधून फट एकसारखी नसेल तर तो काम वांकडें पकडील. पटाशीच्या धारेजवळ बारीक कानशीचा कोपरा हलकेच फिरवावा. कानस सहज रुतली तर पोलाद मऊ आहे असें समजावें. दुकानदार ही परीक्षा करूं देत नसेल, तर दुसरें दुकान पाहावें.

जुन्या बाजारांतील हत्यारेंही याच कसोट्या लावून घ्यावीं. गंज लागलेली जुनी पोलादी पटाशी घांसून धार लावल्यास नव्या चकचकीत पटाशीपेक्षां पुष्कळदां सरस ठरते.

सारांश, हत्यार घेतांना त्याची किंमत विचारावी, पण तें ऐन कामांत मोडल्यास काय बुडेल, हेंही मनाशीं विचारावें. बुडणारें थोडें असेल तेथें खुशाल काटकसर करावी. जेथें पीक किंवा हातपाय बुडणार असतील, तेथें दोन महिने थांबून पैसे सांठवावे, परंतु चांगलेंच हत्यार घ्यावें, अशी वाचकबंधूंस आमची आग्रहाची सूचना आहे.