रायफलच्या दुर्बिणीवरील डिजिटल रात्रदृष्टी जोड : पडद्यावर दिसणारे आणि न दिसणारे

रानडुकरांकडून होणारे पिकांचे नुकसान मुख्यतः रात्रीचे असते. भात, मका, भुईमूग, ऊस, केळी, टॅपिओका अशा पिकांत कळप अंधार पडल्यावर शिरतो आणि उजाडण्यापूर्वी झाडीत परततो. केरळ शासनाने मे २०२२ मध्ये अशा उपद्रवी रानडुकरांना मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविले. विष, स्फोटके आणि विजेचा प्रवाह यांचा वापर मात्र वर्ज्य ठेवला. अशा परवानगीने रात्री काम करायचे तर दिसायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. परदेशात प्रचलित असलेल्या डिजिटल रात्रदृष्टी जोडाकडे परवानाधारकांचे लक्ष जाते ते यामुळेच. विस्तार कार्यकर्त्यांना या उपकरणाची कार्यपद्धती माहीत असावी आणि त्याहून अधिक, त्याची मर्यादा माहीत असावी.

कायद्याची चौकट प्रथम. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. कलम ११ खालील लेखी आदेशाशिवाय त्याला मारता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती अपुरी ठरत असल्यास गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा विचार केलेला आहे. म्हणजेच प्रस्तुत विषय सरसकट सर्व पीकसंरक्षण परवानाधारकांचा नसून ज्यांच्याकडे दुर्बीण बसविलेली परवान्याची रायफल आहे, अशा मोजक्या व्यक्तींचा आहे. त्यांनीही उपकरण खरेदी करण्यापूर्वी परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

उपकरणाचे तत्त्व सोपे आहे. मानवी डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्यातील सिलिकॉन संवेदक सुमारे १००० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकतो. दिवसा वापरायच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडविणारी गाळणी असते, ती येथे नसते. सोबतच्या अवरक्त दिव्याने शेत उजळविले की आपल्याला काळोख दिसतो, पण संवेदकाला चित्र मिळते. हे दिवे बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे असतात. ८५० चा दिवा समोरून पाहिल्यास मंद लालसर दिसतो. ९४० चा दिसत नाही, परंतु त्या तरंगलांबीला संवेदक कमी प्रतिसाद देत असल्याने पल्ला घटतो.

जोड दोन प्रकारे बसतो. पहिल्या प्रकारात तो दुर्बिणीच्या मागे, डोळा लावण्याच्या बाजूस बसतो. कॅमेरा दुर्बिणीतूनच पाहतो, दृश्य आणि नेमाची फुली एकत्रच टिपतो आणि दोन्ही छोट्या पडद्यावर दाखवितो. त्यामुळे दिवसा जुळविलेला नेम सहसा बदलत नाही. दुसऱ्या प्रकारात जोड दुर्बिणीच्या पुढे बसतो व दुर्बीण त्याच्या पडद्याकडे पाहते. येथे जोडाचा अक्ष किंचित जरी सरकला तरी गोळीचा आघातबिंदू सरकतो. म्हणून प्रत्येक वेळी बसविल्यानंतर अधिकृत चांदमारीवर पडताळणी आवश्यक ठरते. उष्णतादर्शक कॅमेरा मात्र काचेच्या दुर्बिणीमागे बसवून काहीच साधत नाही. तो ज्या दीर्घ अवरक्त लहरींवर चालतो, त्या काचेतून पारच होत नाहीत.

मागे बसणाऱ्या जोडाच्या काही अडचणी वापरल्याशिवाय लक्षात येत नाहीत. दुर्बिणीच्या भिंगांवरील लेप दृश्य प्रकाशासाठी केलेले असतात, त्यामुळे अवरक्त प्रकाश काही अंशी वाया जातो आणि त्याचे केंद्रीकरणही थोडे वेगळ्या जागी होते. दिवसा सुस्पष्ट दिसणारी दुर्बीण रात्री पुन्हा जुळवावी लागते आणि अंतरानुसार जुळवणीची सोय नसलेल्या दुर्बिणीत चित्र पुसटच राहते. वर्धन वाढविण्याचा मोह टाळावा. ५० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून पाचपट वर्धनावर बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास १० मिलिमीटर असतो, दहापट वर्धनावर तो ५ मिलिमीटरच उरतो. चित्र मोठे होते पण मंदावते. शिवाय जोडाच्या लांबीमुळे डोके मागे न्यावे लागते, गालाचा टेकू सुटतो आणि धक्क्याचा अंदाज चुकतो. रिकाम्या रायफलीवर दिवसा पुरेसा सराव झाल्याखेरीज हे जोड शेतात नेऊ नयेत.

पडद्यावरील चित्र हे अवरक्त प्रकाशातील चित्र आहे, ही गोष्ट वापरणारा हळूहळू विसरतो. हिरवी पाने लाल प्रकाश शोषतात, पण लगतचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवितात. उपग्रहाद्वारे पिकाची स्थिती जोखली जाते, ती याच गुणधर्मावर. बांधावर बसलेल्या नेमबाजासाठी मात्र तो अडसर ठरतो : जवळचे मक्याचे किंवा उसाचे पान दिव्याच्या झोतात पांढरेशुभ्र होते, कॅमेरा त्या तेजाला जुळवून घेतो आणि पानामागचे सारे काळे पडते. कपड्यांचेही तसेच. अनेक रंगद्रव्ये अवरक्त किरण शोषत नाहीत, म्हणून गडद निळा किंवा काळा सदरा पडद्यावर फिकट दिसू शकतो. रंगावरून ओळख पटविण्याचा मार्ग येथे बंदच असतो. कीटकांपुरते एक निरीक्षण नोंदविण्याजोगे आहे. बहुतेक कीटकांची दृष्टी अतिनील ते हिरव्या-पिवळ्या प्रकाशापर्यंत चालते. अवरक्त दिवा त्यांना दिसत नाही आणि विजेरीभोवती जमतात तसे पतंग त्याच्याभोवती जमत नाहीत. तरीही पावसाळ्यात झोतातून सहज उडणारा प्रत्येक कीटक, तुषार आणि धुके पांढरे ठिपके बनून चित्र भरून टाकतात.

आता मूळ मुद्दा. रात्रीच्या नेमबाजीतील अनुभवाचा मोठा भाग ब्रिटनसारख्या देशांतील कोल्ह्यांच्या नियंत्रणातून आलेला आहे. तेथे प्रकाश टाकायचा आणि आधी चमकणारे डोळे शोधायचे, अशी रीत आहे. कोल्ह्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो, त्याला टॅपेटम ल्युसिडम म्हणतात. हा थर कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, शेळी, हरीण यांच्याही डोळ्यांत असतो आणि अवरक्त दिव्यात त्यांचे डोळे दिव्यासारखे चमकतात. डुकराच्या डोळ्यात हा थर नाही. मनुष्याच्या डोळ्यातही नाही.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. पडद्यावर तेजस्वी डोळे दिसले तर तो प्राणी बहुधा रानडुक्कर नाहीच. शेजारच्याची सुटलेली गाय असेल, राखणीचा कुत्रा असेल. डोळे चमकले नाहीत, तर ते डुक्कर असू शकते आणि वाकून काम करणारा माणूसही असू शकतो. दिवा कॅमेऱ्याच्या अगदी लगत असेल तर दोघांच्याही बुबुळांत मंद चमक येऊ शकते, म्हणून त्या मंद चमकेवरूनही भेद करता येत नाही. कोल्ह्यासाठी उपयोगी पडणारा नियम रानडुकरासाठी नेमका उलटतो आणि उलटतो तो माणसाच्या जिवावर. रानडुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या घटना देशात घडलेल्या आहेत. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत कृषिपंपांचा वीजपुरवठा पाळीनुसार रात्री येतो, तेव्हा शेतकरी मध्यरात्री पाणी धरायला पाटावर वाकलेला असतो. केरळच्या रबर बागांत चीक काढणारे कामगार पहाटेपूर्वीच झाडांच्या बुंध्याशी काम करत असतात. दोघेही डुकराच्या उंचीवर, डुकराच्या वेळी.

म्हणून ओळख डोळ्यांवरून नव्हे, संपूर्ण शरीराकृतीवरून आणि हालचालीवरून पटवावी. पाचरीसारखे डोके, उंच खांदे, उतरता पार्श्वभाग, सोंडेने माती उकरण्याची लय हे सर्व एकत्र दिसेपर्यंत बोट ट्रिगरवर जाऊ नये. निम्मे शरीर पिकात लपलेले असेल तर ओळख पटलेली नाही, असेच मानावे. धावत्या प्राण्यावर गोळी झाडू नये. मंद प्रकाशात संवेदक प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ घेतो, त्यामुळे पडद्यावरील आकृती ताणली जाते आणि प्राण्याच्या मागे पडते. पडदा सपाट असल्याने अंतराचा अंदाजही येत नाही आणि लक्ष्यामागे मातीचा बांध आहे की वाट, हे कळत नाही. गोळी मारण्याच्या दिशा दिवसाउजेडीच ठरवून खुंट्या रोवाव्यात. पडद्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची अंधाराशी जुळवणूक मोडते व ती पूर्ववत होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. तेव्हा पडद्याकडे न पाहणारी दुसरी व्यक्ती सोबत असलीच पाहिजे. त्या रात्री शिवारात कोण कोठे असणार आहे, याची यादी संध्याकाळीच करावी आणि एकाही माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर रायफल पेटीतच ठेवावी.

विस्तार कार्यकर्त्यांच्या दृष्टीने या उपकरणाचा अधिक मोलाचा उपयोग रायफलीशिवायचा आहे. हाच कॅमेरा तिवईवरील साध्या दुर्बिणीमागे बसवून सलग दोन-तीन रात्री शेताचे चित्रण केले, तर नुकसान कोणी केले, कळप कोणत्या वाटेने आला, किती होता, किती वाजता आला, हे नोंदविता येते. पुष्कळदा कंद कुरतडणारे साळिंदर निघते आणि दोष डुकराच्या माथी असतो. परवानगीच्या अर्जासोबत असे चित्रण जोडल्यास अधिकाऱ्याला निर्णय घेणे सोपे जाते. वाट समजली की कुंपण नेमके कोठे घालायचे, तेही ठरविता येते.