गिऱ्हाइकाच्या प्रश्नांचं वर्ष

बपेरा,
जानेवारी 2026

चि. बाईस,


तुमसरच्या राइस मिलच्या संकेतस्थळासाठी तू केलेलं वर्षाचं कंटेंट कॅलेंडर पाहिलं. रकाने नेटके आहेत, मेहनत दिसते. पण वाचत गेलो तशी काळजी वाटू लागली. महिला दिनाच्या शुभेच्छा, नव्या मशीनचं उद्घाटन, मालकांचं मनोगत... बाई, यातलं काही कोणी गुगलवर शोधत नाही. जाहिरातीला पैसे न देता गिऱ्हाईक आपणहून यावं, म्हणून तुला हे काम दिलं आहे. तेव्हा कंपनीला काय सांगायचं आहे ते जरा बाजूला ठेव आणि घराघरांत कोणत्या महिन्यात काय विचारलं जातं, ते आधी मांड.

वर्षाचा तांदूळ भरायची वेळ आली की नवा घ्यावा की जुना, असं लोक विचारतात. नव्याचा भात गिचका का होतो, जुन्याला पाणी जास्त का लागतं? पाऊस लागला की डब्यात सोंडे दिसतात आणि उपाय शोधणं सुरू होतं. गणपतीच्या आधी मोदकाच्या पिठीला कोणता तांदूळ, हे पुण्या-मुंबईच्या बायका विचारतात. दिवाळीनंतर नवं धान मिलमध्ये येतं, तेव्हा सुवासिक तांदळाची चौकशी वाढते. चिन्नोर खरा कसा ओळखायचा, हा प्रश्न तर तुझ्या हक्काचा. आपल्याकडून नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा, आणि तिथल्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नुसत्या वासावर तांदूळ ओळखणारी माणसं तुमच्याच मिलमध्ये असतील. त्यांच्याजवळ बस, विचार, लिहून घे. इकडून तिकडून उचललेल्या दहा लेखांपेक्षा तो एक लेख जास्त दिवस वाचला जाईल.

हे काही नवं शास्त्र नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानं 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली. नांगर विकणाऱ्या कंपनीचं ते पत्रक. शंकरराव किर्लोस्करांनी ते नांगरापाशीच अडकू दिलं नाही. उद्योग, आरोग्य, विज्ञान, बायकांचे प्रश्न, असं वाचकाच्या आयुष्यातलं सगळं त्यात येऊ लागलं. 1929 मध्ये नावातली ‘खबर’ गेली, 1930 मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं. ज्यांनी कधी नांगर विकत घेतला नसेल, त्यांच्या घरातही किर्लोस्कर हे नाव असं पोचलं. मालक मनोगताचा आग्रह धरतील तेव्हा त्यांना हे सांग.

आता वेळेचं. धानाचे पऱ्हे आधी टाकलेले असतात म्हणून पावसात रोवणी होते. लेखाचंही तसंच आहे. नवं पान गुगलवर वर यायला महिने लागतात. सोंड्यांचा लेख जुलैत टाकलास तर तो दिसू लागेपर्यंत पावसाळा सरलेला असेल. तो फेब्रुवारी-मार्चमध्येच जायला हवा. सणांच्या तारखा मात्र मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवू नकोस. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून त्यानंतरचे सण पुढे गेलेत. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, यंदा ती 14 सप्टेंबरला आहे. मोदकाचा लेख एप्रिलपर्यंत तयार ठेव. पंचांग टेबलावर असू दे.

दर आठवड्याला नवा लेख हा जो नेम तू घातला आहेस, तो मला पटत नाही. एकटीनं ते निभणार नाही, आणि रकाना भरायचा म्हणून लिहिलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं. महिन्याला दोन लेख नीट लिही. उरलेला वेळ जुन्या लेखांना दे. हमीभावाचंच बघ. साधारण धानाला 2024-25 च्या हंगामात क्विंटलला 2300 रुपये होते, 2025-26 ला 2369 झाले. त्यासाठी दरवर्षी नवं पान काढलंस तर आपलीच पानं एकमेकांच्या आड येतील. पान एकच ठेव, पत्ता तोच ठेव, नवा भाव जाहीर झाला की त्याच दिवशी आकडा बदल.

गुगलचं सर्च कन्सोल उघडून पाहिलंस का? कोणते शब्द टाकून लोक तुमच्यापर्यंत आले, ते तिथे दिसतं. सोळा महिन्यांची माहिती असते, म्हणजे मागच्या वर्षीचा हाच मोसमही पाहता येतो. जे शब्द शोधणाऱ्यांना तुमचं पान दिसलं पण त्यांनी ते उघडलं नाही, ते आधी बघ. बहुतेक वेळा मथळाच चुकलेला असतो. आणि मिलचा फोन जो उचलतो, त्याच्याजवळ एक वही दे. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायला सांग. लोक ‘तांदूळ साठवणूक व्यवस्थापन’ शोधत नाहीत, ‘तांदळात किडे झाले काय करावे’ असं टाइप करतात. मथळा तसाच हवा.

तीन महिन्यांत आकडे हलले नाहीत तर मालक अस्वस्थ होतील. त्यांच्याकडून आत्ताच वर्षभराची मुदत मागून घे, आणि होळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये. पुढच्या सहा महिन्यांचे विषय आपण इथे बसून ठरवू.

तुझा,
मामा