परभाषेतले नाव आणि आपले दप्तर

जळगाव आणि धुळे या दोन शहरांतून हल्ली ज्या घरी पाळणा बांधायचा असतो त्या घरी कन्येसाठी एखादे फ्रेंच नाव सुचेल काय, अशी चौकशी होऊ लागली आहे, आणि आमच्या नातीचे नाव फ्रेंच आहे हे परिचितांस ठाऊक असल्यामुळे तिच्यातली काही चौकशी माझ्या ओसरीपर्यंतही येऊन पोचते. प्रत्येकाला निरनिराळे सांगत बसण्यापेक्षा, या नावाच्या निमित्ताने आमच्या घराने जे पाहिले ते एकदाच लिहून ठेवावे, हे बरे.

नातीचे नाव मार्गो. चिरंजीव नोकरीनिमित्त फ्रान्समधील तुलूज शहरी राहून आले होते. तेथे शेजारी या नावाची एक लाघवी मुलगी होती, आणि कन्या झाली तर हेच नाव ठेवावयाचे, हा उभयतांचा निश्चय त्या वास्तव्यातच पक्का झाला होता. सूनबाईंचे माहेर धुळ्याचे. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे तिकडे झाले, आणि बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले तेव्हा विरोध असा कोणीच केला नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या मनात मुक्ता हे नाव होते, कारण कोथळीच्या मुक्ताईवर त्यांची निष्ठा. परंतु मार्गो या नावाचा मूळ अर्थ मोती असाच आहे असे चिरंजीवांनी सांगितल्यावर त्याही निवल्या. गुरुजींनी तर जन्म मघाच्या प्रथम चरणावरचा, म्हणजे आद्याक्षर 'मा', असा निर्वाळा दिल्यामुळे शास्त्राचीही संमती मिळाल्यासारखे झाले. व्याह्यांच्या शेजारच्या एका वृद्ध बाई मात्र घुगऱ्या घेता घेता "हाई काय नाव शे?" असे विचारत्या झाल्या आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी आपल्यापुरते 'मारगू' करून टाकले.

अडचण उच्चारात नव्हती. मार्गो म्हणणे कोणाही खानदेशी जिभेला जड नाही. अडचण लेखनात होती. फ्रेंच भाषेत हे नाव दोन प्रकारे लिहितात; एकाच्या अंती टी हे अक्षर येते, दुसऱ्याच्या अंती ए, यू आणि एक्स ही तीन अक्षरे येतात, आणि दोहोंतही अखेरचे व्यंजन मुके असते. चिरंजीवांनी दुसरा प्रकार पत्करला, कारण त्यांच्या मते तो अधिक डौलदार. प्रसूतिगृहाच्या फॉर्मावर नाव केवळ रोमन लिपीत गेले; तो ज्या दप्तरात दाखल झाला तेथील कारकुनाने समोर दिसले ते प्रामाणिकपणे देवनागरीत उतरविले, आणि जन्माच्या दाखल्यावर 'मारगॉक्स' अवतरले. आधार कार्डाच्या यंत्राने स्वतःच्या बुद्धीने 'मार्गौक्स' केले. जळगावच्या शाळेत प्रवेशाच्या गर्दीत तोंडी सांगितल्यावरून जनरल रजिस्टरात 'मार्गो' लिहिले गेले आणि रोमन लेखनही तेथील बाईंनी ऐकल्याबरहुकूम सरळ, ओ हे अक्षर अंती घालून केले. एकाच इसमाच्या अशा तीन व्यक्ती तयार झाल्यावर पारपत्राच्या वेळी तफावतीचा खुलासा मागण्यात आला, हे ओघानेच आले. यात दोष कोणाला द्यावा? कारकुनाने डोळ्यांवर भरवसा ठेवला, शाळेने कानांवर. आणि मार्गो या नावात डोळे व कान यांचे मुळातच पटत नाही.

पुढचा व्याप वृद्ध माणसाकडे येतो, तसा तो माझ्याकडे आला. जन्म जेथे नोंदला तेथेच दुरुस्ती होते, सबब धुळ्यास अर्ज, आणि शाळा जळगावी. पारोळा-एरंडोलच्या रस्त्यावरील एस. टी.चे थांबे मला पाठ झाले. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या 15 व्या कलमान्वये नोंदीतली चूक सुधारता येते खरी, पण मूळ नोंद खोडली जात नाही. समासात शेरा लिहून त्याखाली सही व तारीख घालतात. म्हणजे त्या रजिस्टरात 'मारगॉक्स' कायम राहील आणि त्याच्या बाजूस त्याची दुरुस्तीही राहील. प्रतिज्ञालेख, प्रसूतिगृहाची नक्कल, शाळेचे पत्र, हे सर्व जुळून आले तेव्हा नात वाचावयास शिकली होती आणि आपले नाव निरनिराळ्या कागदांवर निरनिराळे का, असा प्रश्न आम्हांस विचारू लागली होती.

कागदाबाहेरही नावाचे आयुष्य असते, आणि त्याचा विचार तर कोणीच केला नव्हता. मार्गो हे कडुनिंबाच्या साबणाचे नाव आहे हे आमच्या पिढीला ठाऊक नसते तरच नवल. परंतु बारशाच्या उत्साहात कोणाच्या तोंडून तो साबण निघाला नाही, आणि वर्गातल्या मुलांच्या तोंडून तो पहिल्याच आठवड्यात निघाला. त्याहून अवघड प्रसंग नाशिककडच्या द्राक्षमळ्यांशी व्यवहार असलेल्या एका स्नेह्यांनी आणला. नातीच्या नावाचे लेखन पाहून त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितले की, बोर्डोजवळ नेमके याच अक्षरांचे एक गाव आहे, आणि तेथील मद्याला 1855 सालच्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीचा मान मिळालेला आहे. घरात पंढरीची वारी, गळ्यात माळ, आणि नातीच्या दाखल्यावर बोर्डोचे मद्य! सौभाग्यवतींनी त्या दिवसापासून तिला मुक्ता म्हणावयास प्रारंभ केला तो आजतागायत चालू आहे.

फ्रेंच नावे मराठी मुलखात काही आज आलेली नाहीत. सलाबतजंगाच्या पदरी असलेला बुसी मराठी कागदपत्रांतून 'मुसा बुसी' म्हणून वावरतो. खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या बाजूने उभा राहिलेला रेमाँ हैदराबादेत 'मूसा राम' झाला, आणि तेथील मूसारामबाग ही वस्ती त्याची साक्ष देते. लोकांनी परके नाव टाकून दिले नाही, आपल्या जिभेला मानवेल असे ते घडवून घेतले. त्या काळी हे निभले, कारण रेमाँला आधार कार्ड काढावयाचे नव्हते. पाँडिचेरीत 1881 च्या सप्टेंबरातील फर्मानाने एतद्देशीयांना आपला वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच कायदा स्वीकारण्याची मुभा मिळाली तेव्हा पुष्कळांनी फ्रेंच धर्तीची आडनावे घेतली. परंतु तेथे नाव आणि दप्तर एकाच भाषेचे होते. आपल्याकडे नाव एका भाषेचे, दप्तर दुसऱ्या भाषेचे, आणि यंत्र तिसऱ्याच विचाराचे.

खुद्द फ्रान्समध्येही नाव ही फार काळ सरकारी बाब होती. 1803 च्या कायद्याने तेथील आईबापांना पंचांगातले संत आणि प्राचीन इतिहासातले पुरुष यांच्याबाहेर फारसे जाता येत नव्हते. ती बंधने 1993 साली उठली. तरीही बाळाच्या हिताविरुद्ध वाटणारे नाव नोंदणी अधिकारी सरकारी वकिलाच्या नजरेस आणू शकतो, आणि याच तरतुदीने वालाँसिएन येथील न्यायालयाने न्युटेला असे ठेवलेले एका मुलीचे नाव बदलून एला केले. आपल्याकडे असा कोणी अधिकारी नाही. अडविणारे कोणी नसल्यामुळे विचार करण्याचे ओझे सर्वस्वी आईबापांवर पडते.

तेव्हा नाव फ्रेंच ठेवू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. अरविंदांच्या आश्रमातील माताजी पॅरिसला जन्मल्या आणि त्यांचे नाव मीरा. याहून अधिक सहजपणे दोन्ही भाषांत नांदणारे नाव मला माहीत नाही. लीना, माया, नीना, ज्युली, सोफी ही नावेही तिकडे प्रचारात आहेत आणि इकडे कोणाला अडखळवीत नाहीत. अंत्य अक्षर मुके असलेली नावे मात्र दूर ठेवावी. अक्षरावर तिरकी रेघ किंवा दोन टिंबे असलेल्या नावांचीही तीच गत, कारण ती चिन्हे आपल्या कागदांवर टिकत नाहीत, आणि रेने या नावात मुलगा की मुलगी हा भेद केवळ शेवटच्या एका जादा ई या अक्षराने होतो. कामिय हे नाव तर तिकडे मुलामुलींत समाईक. त्यातील दोन एल य-सारखे उच्चारले जातात. केळीला केयी म्हणणाऱ्या खानदेशाला यात काही विशेष वाटणार नाही, परंतु लिहिणारा ते 'कामिल' असेच लिहील आणि वाचणारा ते पुरुषाचे नाव समजेल.

नाव ठरले की ते प्रथम देवनागरीत लिहावे, आणि रोमन लेखन त्यावरून, उच्चाराला धरून ठरवावे. फ्रान्समधील लेखनाचा मोह सोडावा. प्रसूतिगृहाच्या फॉर्मावर दोन्ही लिपींत स्वतःच्या हाताने लिहावे. दाखल्याची पहिली प्रत हाती पडताच अक्षर अन् अक्षर तपासावे. आधार, शाळा, बँक यांपैकी कोठेही तोंडी नाव सांगू नये, दाखला पुढे करावा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा हाच दाखला आहे. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्रात आवश्यक झाला आहे, त्या सर्वांसह नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडूनही उच्चारून घ्यावे.

आणि घाई करू नये. जन्माची वर्दी 21 दिवसांत द्यावी लागते, हे खरे. पण त्या वर्दीत नावाचा रकाना कोरा ठेवता येतो. नाव पुढे बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क भरता येते, आणि त्यानंतरही, फी देऊन, नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत मुदत आहे.