खून कोणी केला असावा?

(मोठ्या गटासाठी पाठ : आपले मत सांगणे)



गेल्या महिन्यात मोठ्या गटाने, पालकांनी आणि हौसेने आलेल्या काही आजी-आजोबांनी मिळून वर्गात एक तमिळ सिनेमा पाहिला. "मराठीच्या वर्गात तमिळ कशाला?" असे दोघातिघांनी दारातच विचारले. त्याचे उत्तर आमच्या कपाटातल्या वह्यांत आहे. मागच्या सत्रात मुलांना सांगितले होते, पाहिलेल्या कोणत्याही सिनेमावर दहा ओळी लिहा. अकरा वह्या आल्या. त्यांतल्या नऊ वह्यांत पहिले वाक्य "सिनेमा छान होता" आणि शेवटचे वाक्य "मला खूप आवडला". मधल्या आठ ओळींत गोष्ट. मत कुठेच नाही. हीच मुले घरी जाताना गाडीत इंग्रजीतून त्याच सिनेमाची सालटी काढतात, हे आम्हांला पक्के ठाऊक आहे.

म्हणून आम्ही असा सिनेमा शोधत होतो, जो पाहून नुसते 'छान' म्हणून भागणार नाही, आणि ज्याची भाषा आजोबांनाही येत नाही आणि नातीलाही येत नाही, म्हणजे सगळे एका पायरीवर. समोरच्या खोलीत शनिवारी तमिळ वर्ग भरतो. आमची चहाची किटली एकच आहे. तिथल्या बाईंनी क्षणाचाही विचार न करता नाव सांगितले : 'अंद नाळ्'.

इंग्रजी अक्षरांत हे नाव वाचून आमच्या मुलांनी ते 'अंध' केले आणि सिनेमा आंधळ्या माणसाचा असणार असे ठरवून टाकले. 'अंद' म्हणजे 'तो', 'नाळ्' म्हणजे 'दिवस'. तो दिवस. शेवटचा ळ आपल्या बाळातला, फळातला. तमिळ बाईंनी तो उच्चारला तेव्हा आमच्या छोट्या गटालाही कळले की हा ळ केवळ त्यांना छळण्यासाठी मराठीने तयार केलेला नाही.

सिनेमा १९५४ सालचा, ए. व्ही. एम. या मद्रासच्या कंपनीचा. दिग्दर्शक एस. बालचंदर, वय सत्तावीस. पुढे हेच गृहस्थ वीणावादक म्हणून देशभर नावाजले गेले. त्यांचा आपल्याकडचाही एक धागा आहे. प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली 'सीता कल्याणम' नावाचा तमिळ बोलपट काढला होता, त्यात छोट्या बालचंदरचे बारीकसे काम होते. मुख्य भूमिकेत शिवाजी गणेशन. "तमिळ माणसाचं नाव शिवाजी कसं?" हा प्रश्न आलाच. मूळ नाव नुसते गणेशन. अण्णादुराईंच्या एका नाटकात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली, ती पाहून पेरियारांनी त्यांना शिवाजी म्हटले आणि तेच नाव कायम झाले.

गोष्ट १९४३ सालातली. त्या ऑक्टोबरात मद्रासवर जपानी विमानाने बाँब टाकले, ही खरी घडलेली घटना. त्याच सुमारास राजन नावाचा रेडिओ इंजिनियर आपल्या घरात गोळी लागून मरतो. सिनेमा सुरू होतो तोच या गोळीने. ज्याला पाहायला लोक तिकीट काढून आले, तो नायक पहिल्याच दृश्यात कोसळतो! मग पोलीस येतात, गुप्त पोलीस खात्याचे शिवानंदम येतात, आणि घरातल्या-शेजारच्या माणसांच्या जबान्या सुरू होतात. एकेक जबानी म्हणजे राजनची एकेक नवी बाजू. काळ्या-पांढऱ्या चित्रणात अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. एका मुलाच्या शब्दांत, "भिंतीवरच्या सावल्यासुद्धा खोटं बोलतायत असं वाटतं." हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहून ठेवले.

कुरोसावाचा 'राशोमोन' पाहून बालचंदरना ही कल्पना सुचली म्हणे. आता या 'म्हणे'कडे नीट बघा, कारण आजचा पाठ इथूनच सुरू होतो.

राजनचा शेजारी चिन्नय्या. त्याला गोळीचा आवाज ऐकू आला. त्याने आवाज 'ऐकला' असे आम्ही लिहिले नाही. 'ऐकू आला' म्हणजे आपोआप कानावर पडला. 'ऐकला' म्हणजे कान देऊन. आणि कान देऊन ऐकला असेल, तर अशा वेळी हा कान लावून का बसला होता, असा पुढचा प्रश्न कोणताही फौजदार विचारील. 'दिसला' आणि 'पाहिला' यांचेही तसेच. एका क्रियापदाने साक्षीदाराचा संशयित होतो.

चिन्नय्याला संशय राजनच्या भावाचा. भाऊ स्वतःच्याच बायकोकडे बोट दाखवतो. ती तिसऱ्याच एका बाईचे नाव घेते. ती बाई संशय फिरवून चिन्नय्यावर आणून टाकते. वर्तुळ पूर्ण! राहते राजनची बायको, उषा. भावाने खून 'केला असेल' म्हणजे नुसती शक्यता, हातात काही नाही. 'केला असावा' म्हणजे काहीतरी पाहून बांधलेला अंदाज. 'केला असणार' म्हणजे मनाने निकाल लावून टाकला, पुरावा यायचा आहे. 'केलेला दिसतो' म्हणजे समोर खूण आहे, ती तसे सांगते. 'केला म्हणे' म्हणजे मी फक्त ऐकलेले सांगतो, जबाबदारी माझी नाही. आणि 'केला असता' म्हणजे केलेलाच नाही, काहीतरी आड आले. इंग्रजीतून मराठीत येणारी मुले या सगळ्यांसाठी एकच 'कदाचित' वापरतात. 'कदाचित त्याने खून केला.' चुकीचे नाही, पण पाच तारांच्या वाद्याची एकच तार छेडल्यासारखे आहे.

तमिळमध्येही अशी सोय आहे का, असे आम्ही बाईंना विचारले. 'वंदान्' म्हणजे तो आला. 'वंदानाम्' म्हणजे तो आला म्हणे. शेवटी एक 'आम्' लावला की झाले! त्यांचे 'म्हणे' आपल्यापेक्षाही आटोपशीर. सिनेमातल्या जबान्यांत हा 'आम्' पकडायचा म्हणून मुले कान टवकारून बसली, निदान पहिली वीस मिनिटे.

एक गोष्ट मात्र आम्हांलाही पाहताना नव्याने जाणवली. माणूस जबानीत 'असावा' म्हणू शकतो. पडद्याला 'असावा' म्हणता येत नाही. जे दाखवले ते 'झाले' असेच दिसते. म्हणून प्रत्येक हकिकत बघताना आपण ती खरी मानतो आणि पुढची आली की शरमतो. या सिनेमाची सगळी गंमत यातच आहे असे आमचे मत आहे.

शेवटच्या जबानीच्या आधी आम्ही सिनेमा थांबवला. प्रत्येकाला चिठ्ठी दिली : खुनी कोण ते एका वाक्यात, क्रियापदासकट. मोठ्यांच्या चिठ्ठ्यांत बहुतेक 'असणार', मुलांच्या चिठ्ठ्यांत 'असेल'. वय वाढले की खात्री वाढते की काय, देव जाणे. एकाच चिठ्ठीवर ठणठणीत 'केला' होते. चौकशीअंती कळले की त्या चिरंजीवांनी आदल्या रात्रीच फोनवर शेवट वाचून ठेवला होता. म्हणजे व्याकरण अचूक! खुनी कोण ते आम्ही इथे सांगणार नाही. 'राशोमोन'सारखे अधांतरी सोडलेले नाही, शेवटी कळते, एवढेच.

नंतर चहा आणि मते. 'छान' या शब्दाला बंदी होती, दंड एक चकली. कोणी म्हणाले, खिळवून ठेवतो. कोणी म्हणाले, मध्ये ताणलाय. एक आई म्हणाली, "घरातल्या पैशाच्या कटकटी इतक्या ओळखीच्या वाटल्या, की खून झालाय हेच विसरायला झालं." एक आजी शेवटपर्यंत चुळबुळत होत्या. त्यांना काय खटकतेय ते त्यांनाच कळेना. मग एकदम म्हणाल्या, "अगंबाई, गाणं कुठे झालं?"

आजींनी बरोबर ओळखले. सिनेमात एकही गाणे नाही, नाच नाही. गाण्यांविना काढलेला हा पहिला तमिळ बोलपट. सुरुवातीच्या काही तमिळ बोलपटांत पन्नास-पन्नास गाणी असत, हे ध्यानात घ्या. आपल्या संगीत नाटकाला 'वन्स मोअर' देणाऱ्या प्रेक्षकांसमोर पदांविना नाटक लावले असते तर काय झाले असते, तेच झाले. त्या वेळच्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि सिनेमा चालला नाही. समीक्षकांनी मात्र वाखाणला, राष्ट्रीय पुरस्कारांत गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले, आणि आज जुन्या तमिळ सिनेमाची गोष्ट निघाली की हे नाव निघतेच. हिंदीत गाण्यांविना 'कानून' आला तो १९६० साली, 'इत्तेफाक' १९६९ साली. आजींचे मत, "गाणं नाही म्हणजे मीठ नाही," आम्ही नोंदवून घेतले आहे. ते चुकीचे म्हणता येणार नाही. ते मत आहे.

खरा वाद पुढे झाला. ज्याने (किंवा जिने) खून केला त्याच्यामागचे कारण स्वार्थाचे नाही. एक आजोबा ठामपणे म्हणाले, "जे केलं ते योग्यच केलं. दुसरा मार्गच नव्हता." पंधरा वर्षांची एक मुलगी ताडकन इंग्रजीत बोलू लागली. भरभर, रागाने, चांगले मुद्देसूद. आजोबा म्हणाले, "अगं, मराठीत सांग ना, मला ऐकायचंय." ती गप्प झाली. मग म्हणाली, "मराठीत मोठ्यांना 'नाही' कसं म्हणायचं ते मला येत नाही."

आम्ही शिक्षक एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी वर्षे आम्ही या मुलांना मराठीत हो म्हणायला, नमस्कार करायला, आभार मानायला, वाढदिवसाला शुभेच्छा द्यायला शिकवले. मतभेद सगळा इंग्रजीच्या वाट्याला गेला, आणि त्याबरोबर त्यांच्या मनात जे खरे चालते तेही तिकडेच गेले. ही चूक आमची.

त्या दिवशी तिथेच फळ्यावर लिहिले : "आजोबा, तुमचं म्हणणं मला कळलं, पण पटलं नाही." 'कळणे' आणि 'पटणे' वेगळे ठेवले की निम्मे काम होते. "तुमचं बरोबर असेलही, पण मला तसं वाटत नाही." "असं का म्हणता?" हे सौम्य, "असं कसं म्हणता?" हे धारदार. 'तुम्ही' शेवटपर्यंत सुटायचे नाही, आवाज चढला तरी. 'आवडला पण पटला नाही' हेसुद्धा चालते, सिनेमाबद्दलही आणि माणसाबद्दलही.

मुलीने फळा दोनदा वाचला आणि म्हणाली, "आजोबा, मला नाही पटलं. पोलिसांना सांगता आलं असतं."

'सांगता आलं असतं'! जो प्रकार आम्ही तासाभरापूर्वी शिकवला, तो तिने भांडणात वापरला.

आजोबा थोडे थांबले. "पोरी, त्रेचाळीस साली पोलीस कोणाचे होते?" आपण आज ज्या देशात राहतो, त्याच देशाचे तेव्हा मद्रासवर राज्य होते. वर्गात एकदम शांत झाले. मुलगी म्हणाली, "ते माझ्या लक्षात आलं नव्हतं." आणि जरा वेळाने, "पण तरी मला नाही पटलं."

"नको पटू दे," आजोबा म्हणाले आणि तिच्या बशीत चकली ठेवली. दंडाची नव्हे.

गृहपाठ : पाहिलेल्या कोणत्याही सिनेमावर दहा ओळी. गोष्ट दोन ओळींत संपवा. 'छान' नको. 'असेल', 'असावा', 'असणार' यांपैकी दोन तरी योग्य जागी यावेत. मग ते लिखाण घरातल्या एका मोठ्या माणसाला वाचून दाखवा आणि त्यांचे उलट मत शेवटी त्यांच्याच शब्दांत लिहा. पालकांना विनंती, उलट मत खरोखर द्या. वह्या पुढच्या शनिवारी, आणि तमिळ वर्गाची किटली कोणी घरी नेली असल्यास तीही.