दोन बिलं, एक वजाबाकी आणि तुमची विक्री उघड

बिल नंबरात कसलं आलंय गुपित, असं वाटतं ना? मग हे गणित बघा.

समजा, तुमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. एका माणसाने १ जूनला एक टॉवेल घेतला, बिल नंबर ४१२. ३० जूनला परत एक घेतला, नंबर ६८२. वजाबाकी २७०. थोडा वेळ काउंटरजवळ उभा राहून त्याने बघितलं की सरासरी बिल ४०० चं होतंय. झाली महिन्याची विक्री: १,०८,००० रुपये. तुम्ही तर एक शब्द बोलला नाहीत! आणि तो भाडं वाढवायला निघालेला गाळामालक असेल तर?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांचं उत्पादन असंच काढलं होतं, हाती लागलेल्या रणगाड्यांच्या भागांवरच्या नंबरांवरून. ऑगस्ट १९४२ चा अंदाज निघाला ३२७, जर्मन कागदांत आकडा होता ३४२. हेरांचा अंदाज होता १,५५०.

आपली माहिती एका जागी नसते, हीच खरी अडचण. ई-वे बिल ट्रान्सपोर्टवाल्याकडे जातं. त्यावर पार्टीचा जीएसटी नंबर, नग आणि रक्कम असते. भागाकार केला की त्या पार्टीला दिलेला रेट कळतो. म्हणून माल लोड केल्याचा फोटो ग्रुपवर टाकताना कागद दिसू देऊ नका.

जीएसटी नंबर तर पाटीवर लावावाच लागतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. आयटी रिटर्नच्या पावतीचा पासवर्ड काय असतो? पॅन आणि जन्मतारीख. जन्मतारीख आपण फेसबुकवर केक कापून सांगतोच. त्यामुळे ती पावती कुणालाही पाठवताना 'पासवर्ड आहे की' म्हणून निर्धास्त राहू नका.

बिल नंबराचं काय करायचं? मधले नंबर गाळायचे नाहीत, कायद्याने ते ओळीनेच हवेत. पण एकापेक्षा जास्त सिरीज चालतात. काउंटरची वेगळी, होलसेलची वेगळी ठेवा. म्हणजे टॉवेल घेणाऱ्याला होलसेलचा अंदाज येणार नाही. काउंटरचा येईल, तेवढं चालवून घ्या. जीएसटीआर-१ च्या टेबल १३ मध्ये प्रत्येक सिरीज वेगळी दाखवावी लागते, त्यामुळे आधी तुमच्या सीएंशी बोला आणि १ एप्रिलपासून सुरू करा.